दोन मध्यमानांची तुलना : ‘टी’ परीक्षिकेच्या वापराची चिकित्सा
(लॅनार्कशायर दूध प्रयोगाच्या संदर्भात)

सारांश :
दोन समष्टींच्या मध्यमानांची तुलना करण्यासाठी ‘टी’ परीक्षिका शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य, गृहविज्ञान, जीवशास्त्र अशा अनेक विद्याशाखांत वापरली जाते. तथापि प्राप्त ‘टी’ मूल्य सारणी मूल्यापेक्षा अधिक आहे की कमी, एवढ्या एका निकषावर निष्कर्ष काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ज्याच्या नावाने ही परीक्षिका ओळखली जाते त्या ‘स्टुडंट’ने १९३१ मध्ये केलेली लॅनार्कशायर दूध प्रयोगाची समीक्षा आधारभूत मानून प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे. तुलनेची विश्वसनीयता सूत्रापेक्षा गटांच्या निवडीवर व प्रयोगाच्या आराखड्यावर अवलंबून असते, हा या लेखाचा प्रमुख प्रतिपाद्य विषय आहे.

१. प्रास्ताविक :
ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी, विवाहित व अविवाहित शिक्षिकांचे कार्यसमाधान, पारंपरिक व नवीन अध्यापन पद्धतीची परिणामकारकता, दोन खतांमुळे मिळणारे उत्पादन असे कितीतरी विषय आपल्या लघुशोधप्रबंधांतून आणि शोधनिबंधांतून सातत्याने हाताळले जातात. विषय भिन्न असले तरी त्यांची रचना जवळजवळ एकच असते. दोन गट घ्यावयाचे, त्यांचे मध्यमान व प्रमाण विचलन काढावयाचे, ‘टी’ मूल्य काढून ते सारणीशी ताडून पाहावयाचे आणि ‘०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो’ किंवा ‘स्वीकार करण्यात येतो’ असे वाक्य लिहून प्रकरण संपवावयाचे. हे वाक्य लिहिले की संशोधन शास्त्रीय झाले, असा एक समज दृढ झाला आहे.

या समजाची चिकित्सा होणे आज अधिक आवश्यक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला स्थान मिळाले आहे. म्हणजे पूर्वी पदव्युत्तर वा एम.फिल., पीएच.डी. स्तरावर होणारे संशोधन आता पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत येत आहे आणि त्याला मार्गदर्शन करण्याची जबाबदारी सर्व विद्याशाखांतील अध्यापकांवर आहे. आपण त्याला केवळ सारणी पाहावयास शिकविले तर तो आयुष्यभर सारणीच पाहत राहील.

२. परीक्षिका नेमके काय सांगते? :
विल्यम सीली गॉसेट (१८७६–१९३७) हे डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करीत. बार्लीचे वाण, मद्याची प्रत यांविषयीचे निर्णय त्यांना अल्पसंख्य निरीक्षणांवरून घ्यावे लागत. मोठ्या नमुन्यासाठी योग्य असणारी सूत्रे लहान नमुन्यास लावली तर निष्कर्ष फसवे ठरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी या प्रश्नावरील लेख प्रसिद्ध केला. पुढे आर. ए. फिशर यांनी स्वाधीनता मात्रेच्या कल्पनेची जोड देऊन या मांडणीला आजचे ‘टी’ रूप दिले आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथाद्वारे ती संशोधकांपर्यंत पोहोचविली.

‘टी’ मूल्य म्हणजे दोन मध्यमानांतील फरक आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी यांचे गुणोत्तर होय. दोन समष्टींच्या मध्यमानांत प्रत्यक्षात काहीच फरक नसेल, तर केवळ नमुना निवडीतील योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता किती, या एकाच प्रश्नाचे उत्तर ही परीक्षिका देते. परिकल्पना सत्य असण्याची संभाव्यता ती सांगत नाही. फरक किती महत्त्वाचा आहे हेही सांगत नाही. फरक कशामुळे पडला याविषयी तर ती पूर्णतः मौन पाळते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये सार्थकतेच्या संभाव्यता-मूल्याविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातही याच मर्यादांचा उल्लेख होता.

३. एकच सामग्री, दोन निर्णय :
गॉसेट यांनी १९०८ च्या लेखात उदाहरणादाखल कुश्नी व पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेली सामग्री घेतली होती. दहा रुग्णांना निद्रा आणणारी दोन औषधे वेगवेगळ्या वेळी देऊन प्रत्येक औषधाने झोप किती तासांनी वाढली, याची ही नोंद आहे. पहिल्या औषधाने झालेली सरासरी वाढ ०.७५ तास, तर दुसऱ्याने झालेली २.३३ तास. म्हणजे मध्यमानांतील फरक १.५८ तासांचा आहे.

ही सामग्री दोन स्वतंत्र गटांची आहे असे मानून परीक्षिका लावली तर ‘टी’ मूल्य १.८६ येते. १८ स्वाधीनता मात्रेसाठी ०.०५ स्तरावरील सारणी मूल्य २.१०१ आहे. सबब फरक सार्थ नाही, असा निर्णय मिळतो. परंतु दोन्ही औषधे त्याच दहा रुग्णांना दिली होती. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या दोन नोंदींतील फरक काढून सहसंबंधित गटांची परीक्षिका लावणे योग्य ठरते. तशी ती लावल्यास फरकांचे प्रमाण विचलन १.२३, प्रमाण त्रुटी ०.३९ आणि ‘टी’ मूल्य ४.०६ येते. ९ स्वाधीनता मात्रेसाठी ०.०१ स्तरावरील सारणी मूल्यही ३.२५० एवढेच आहे. फरक निःसंशय सार्थ ठरतो.

आकडे तेच, मध्यमान तेच. निर्णय मात्र परस्परविरोधी. याचे कारण असे की काही रुग्णांची झोप कोणत्याही औषधाने पुष्कळ वाढते, तर काहींची कशानेही फारशी वाढत नाही. रुग्णारुग्णांमधील ही भिन्नता पहिल्या पद्धतीत प्रमाण त्रुटीत मिसळते; दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रुग्णाची तुलना स्वतःशीच होत असल्याने ती बाजूला पडते. कोणती परीक्षिका योग्य हे आकड्यांकडे पाहून कळत नाही. ते आकडे कसे गोळा झाले हे माहीत असावे लागते. आपल्याकडे पूर्वचाचणी व उत्तरचाचणी एकाच गटावर घेऊनही स्वतंत्र गटांचे सूत्र लावलेले शोधनिबंध आढळतात आणि त्यातील ‘परिकल्पनेचा स्वीकार’ या केवळ सूत्राच्या चुकीतून जन्माला आलेला असतो.

४. लॅनार्कशायरचा दूध प्रयोग :
सूत्राची चूक दुरुस्त करता येते. आराखड्यातील चूक मात्र प्रयोग संपल्यावर कोणत्याही सूत्राने दुरुस्त होत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणून १९३० मधील लॅनार्कशायर प्रयोगाकडे पाहता येईल.

स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात १९३० च्या पूर्वार्धात सुमारे चार महिने हा प्रयोग चालला. ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुले त्यात सहभागी होती. सुमारे ५,००० मुलांना रोज पाऊण पिंट कच्चे दूध, सुमारे ५,००० मुलांना तेवढेच पाश्चरीकृत दूध देण्यात आले आणि सुमारे १०,००० मुले दूध न मिळणाऱ्या नियंत्रित गटात होती. आरंभी व अखेरीस सर्वांची उंची व वजन घेण्यात आले. दुधामुळे वाढीचा वेग वाढतो आणि कच्च्या व पाश्चरीकृत दुधाचे परिणाम सारखेच असतात, असा निष्कर्ष अधिकृत अहवालात काढण्यात आला. एवढ्या प्रचंड नमुन्याकडे पाहता या निष्कर्षाविषयी कोणास शंका यावी असे वरवर दिसत नव्हते.

१९३१ मध्ये ‘स्टुडंट’ने ‘बायोमेट्रिका’मध्ये या प्रयोगाची समीक्षा केली. तिच्यातील तीन आक्षेप आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला आक्षेप निवडीविषयी आहे. कोणत्या मुलांना दूध द्यावयाचे ते चिठ्ठ्या टाकून किंवा आद्याक्षरांच्या क्रमाने ठरवावयाचे होते. परंतु अशा निवडीत एखाद्या गटात सुदृढ वा कुपोषित मुले प्रमाणाबाहेर आली आहेत असे वाटल्यास काही मुलांची अदलाबदल करण्याची मुभा शाळांना होती. परिणाम असा झाला की प्रयोगाच्या आरंभीच नियंत्रित गटातील मुले दूध मिळणाऱ्या मुलांपेक्षा सरासरीने उंच व वजनदार होती. हा फरक वजनाच्या बाबतीत सुमारे तीन महिन्यांच्या, तर उंचीच्या बाबतीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीएवढा होता. शिक्षकांनी कळत-नकळत गरीब, अशक्त मुलांच्या पदरात दूध टाकले होते. यात लबाडी नव्हती, कणव होती. परंतु त्या कणवेमुळे तुलनेचा पायाच ढासळला. समान म्हणून ज्यांची तुलना करावयाची ते दोन गट मुळातच असमान झाले.

दुसरा आक्षेप मोजमापाविषयी आहे. मुलांचे वजन कपड्यांसह घेतले होते. पहिले वजन हिवाळ्यात, दुसरे उन्हाळ्याच्या तोंडाशी. सुस्थितीतील मुलांच्या अंगावर हिवाळ्यात जड कपडे असतात व उन्हाळ्यात ते उतरतात. गरीब मुलांजवळ उतरविण्यासारखे फारसे नसते. नियंत्रित गटात सुस्थितीतील मुले अधिक असल्यामुळे त्यांच्या वजनातील वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली आणि दुधाचा परिणाम त्या मानाने मोठा भासला. म्हणजे पहिल्या दोषाने दुसऱ्या दोषाला बळ दिले.

तिसरा आक्षेप कच्च्या व पाश्चरीकृत दुधाच्या तुलनेविषयी आहे. एका शाळेत एकाच प्रकारचे दूध दिले जात असे. त्यामुळे कच्चे दूध पिणारी मुले आणि पाश्चरीकृत दूध पिणारी मुले ही वेगवेगळ्या शाळांतील, वेगवेगळ्या वस्त्यांतील व आर्थिक स्तरांतील होती. दिसणारा फरक किंवा फरकाचा अभाव हा दुधाचा की शाळांचा, हे सांगण्याचा मार्गच उरला नव्हता. याच वर्षी फिशर व बार्टलेट यांनीही ‘नेचर’मध्ये दोन्ही दुधांच्या समतुल्यतेच्या निष्कर्षाला आव्हान दिले.

दूध मुलांना उपकारक नाही, असे ‘स्टुडंट’ने म्हटलेले नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ते किती उपकारक आहे हे या प्रयोगावरून सांगता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याने पर्यायही सुचविला. एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतील एकास एक व दुसऱ्यास दुसरे दूध दिले असते, तर एक-दोन टक्के खर्चात अधिक विश्वसनीय उत्तर मिळाले असते. १९०८ च्या लेखातील जोडीने तुलना करण्याचे तत्त्वच येथे प्रयोगाच्या आराखड्यात उतरले आहे.

या प्रकरणाचा खरा बोध नमुन्याच्या आकाराविषयी आहे. नमुना वाढविला की योगायोगाने होणारी त्रुटी घटते. पक्षपाताने होणारी त्रुटी तसूभरही घटत नाही. उलट मोठ्या नमुन्यामुळे चुकीच्या उत्तराला सार्थकतेची मोहोर मिळते. २०,००० मुलांनी जे साधले नाही ते १०० मुलांनी साधले असते, हे वाक्य आपल्या प्रत्येक संशोधन पद्धती कार्यशाळेत सांगण्याजोगे आहे.

५. आपल्याकडील प्रचलित पद्धती :
५.१ तुकडी हेच एकक : अध्यापन पद्धतीची परिणामकारकता तपासताना बहुधा ‘अ’ तुकडीस नवीन पद्धतीने व ‘ब’ तुकडीस पारंपरिक पद्धतीने शिकविले जाते आणि प्रत्येकी ४० विद्यार्थी धरून ७८ स्वाधीनता मात्रेवर ‘टी’ मूल्य तपासले जाते. अनेक ठिकाणी तुकड्या गुणानुक्रमाने किंवा प्रवेशाच्या क्रमाने केलेल्या असतात. शिवाय एका तुकडीचा शिक्षक, तिची वेळ, तिचे वातावरण त्या तुकडीतील सर्वांना सारखेच लागू असते. अध्यापन पद्धत विद्यार्थ्याला नव्हे, तुकडीला दिलेली असते. म्हणून वस्तुतः येथे ४० विरुद्ध ४० अशी तुलना नसून एक तुकडी विरुद्ध एक तुकडी अशी तुलना आहे. लॅनार्कशायरच्या शाळांचा दोष तो हाच.

५.२ समान विचलनाचे गृहीतक : पाठ्यपुस्तकातील नेहमीचे सूत्र दोन्ही समष्टींचे प्रमाण विचलन समान असल्याचे गृहीत धरते. हे गृहीतक तपासल्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या गटात १० व्यक्ती व प्रमाण विचलन २०. दुसऱ्या गटात ४० व्यक्ती व प्रमाण विचलन ५. मध्यमानांतील फरक ८. नेहमीच्या सूत्राने प्रमाण त्रुटी ३.४५ व ‘टी’ मूल्य २.३२ येते, ४८ स्वाधीनता मात्रेसाठी सारणी मूल्य २.०११ असल्याने फरक सार्थ ठरतो. दोन्ही गटांचे विचलन वेगवेगळे ठेवून प्रमाण त्रुटी काढली तर ती ६.३७ येते, ‘टी’ मूल्य १.२६ होते आणि वेल्च यांच्या पद्धतीने स्वाधीनता मात्रा जेमतेम ९ उरते. सार्थकतेचा प्रश्नच राहत नाही.

असमान विचलनाचा हा प्रश्न संख्याशास्त्रात ‘बेहरेन्स-फिशर समस्या’ म्हणून ओळखला जातो. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९३८ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात याच परीक्षिकेसंबंधी लेख लिहून तिच्या वापरासाठी सारणी तयार केली होती. वेल्च यांनी १९३८ व १९४७ मध्ये या प्रश्नावर व्यवहारोपयोगी तोडगा मांडला. आज संगणकावरील बहुतेक संख्याशास्त्रीय प्रणालींत तो एका कळीसरशी उपलब्ध आहे. ज्या प्रश्नावर एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने सुमारे नऊ दशकांपूर्वी परिश्रम घेतले, त्याचा आपल्या शोधनिबंधांत उल्लेखही नसावा, ही खेदाची बाब आहे.

५.३ ‘स्वीकार’ या शब्दाचा प्रमाद : ‘टी’ मूल्य सारणी मूल्यापेक्षा कमी आले की ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार’ होतो आणि पुढील परिच्छेदात ‘दोन्ही गटांत फरक नाही’ असे विधान येते. समजा, प्रत्येकी २० विद्यार्थ्यांचे दोन गट आहेत, दोहोंचे प्रमाण विचलन १० आहे आणि मध्यमानांत ५ गुणांचा फरक आहे. ‘टी’ मूल्य १.५८ येते; सारणी मूल्य २.०२४ असल्याने फरक सार्थ नाही. परंतु खऱ्या फरकाचे ९५ टक्के विश्वास अंतराल काढले तर ते उणे १.४ ते ११.४ असे येते. म्हणजे फरक शून्य असू शकतो, तसाच तो ११ गुणांचाही असू शकतो. या सामग्रीवरून ‘फरक नाही’ असे म्हणता येत नाही. ‘सांगता येत नाही’ एवढेच म्हणता येते.

याउलट प्रत्येकी १,००० विद्यार्थ्यांच्या दोन गटांत, प्रमाण विचलन तेच १० असताना, केवळ एका गुणाचा फरक असला तरी ‘टी’ मूल्य २.२४ येऊन तो सार्थ ठरतो. १०० पैकी एका गुणाच्या फरकासाठी कोणी अध्यापन पद्धती बदलावी काय? ‘सार्थ’ हा शब्द मराठीत अर्थपूर्णतेचा बोध करून देतो. संख्याशास्त्रातील त्याचा अर्थ ‘केवळ योगायोगाने सहसा न घडणारा’ एवढाच आहे. परिभाषेतील हा शब्द व्यवहारातील अर्थाने वाचला गेल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

५.४ परीक्षिकांची गर्दी : एकाच प्रश्नावलीच्या आधारे लिंग, निवास, विद्याशाखा, वैवाहिक स्थिती, अनुभव अशा निरनिराळ्या निकषांवर वीस-वीस ‘टी’ मूल्ये काढली जातात. कोठेही खरा फरक नसला तरी वीस स्वतंत्र परीक्षिकांपैकी किमान एक ०.०५ स्तरावर सार्थ ठरण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के असते. नेमका तोच एक ‘सार्थ’ फरक सारांशात व शिफारशींत अग्रस्थानी येतो.

६. काही सूचना :
(१) शोधनिबंधात ‘टी’ मूल्याच्या आधी गट कसे निवडले, कोणी निवडले आणि निवडीत बदल केला असल्यास का केला, याचे स्पष्ट वर्णन असावे.
(२) शक्य तेथे जोड्या लावून, चिठ्ठी टाकून अथवा नाणे उडवून गटविभागणी करावी. निकाल लागल्यावर तो कोणत्याही कारणाने बदलू नये.
(३) उपचार ज्या एककाला दिला, विश्लेषणही त्याच एककाचे असावे. दोनच तुकड्या उपलब्ध असतील तर निष्कर्ष त्या दोन तुकड्यांपुरता मर्यादित ठेवावा.
(४) समान विचलनाची खात्री नसल्यास वेल्च यांची पद्धत वापरावी.
(५) मध्यमानांतील फरक व त्याचे विश्वास अंतराल मूळ एककात द्यावे. ‘स्वीकार’ या शब्दाऐवजी ‘त्याग करण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असे लिहावे.
(६) किती परीक्षिका केल्या ते सर्व सांगावे; सार्थ ठरलेल्याच तेवढ्या सांगू नयेत.

यांपैकी एकाही सूचनेसाठी महागडे साहित्य वा उच्च गणित लागत नाही. परीक्षक व मार्गदर्शक यांनी ‘टी’ मूल्य किती आले हे विचारण्यापूर्वी ‘हे दोन गट तुलनायोग्य कसे?’ असे विचारावयास आरंभ केला तरी बराच पालट घडून येईल.

७. समारोप :
वरील मांडणीवर एक आक्षेप संभवतो. महाविद्यालयीन संशोधकाजवळ वेळ, निधी व अधिकार तिन्ही तुटपुंजे असतात. त्याला तुकड्या मोडून यादृच्छिक गट करता येत नाहीत. ही अडचण खरी आहे. परंतु तिचे उत्तर मोठा दावा करणे हे नसून लहान दावा प्रामाणिकपणे करणे हे आहे. लॅनार्कशायरमध्ये निधीही होता, शासनाचे पाठबळही होते आणि मुलेही २०,००० होती. उणीव होती ती एका नियमाच्या काटेकोर पालनाची.

अशा उणिवेचे मोल कागदावरील आकड्यांपुरते राहत नाही. शालेय पोषण, पूरक अध्यापन, वसतिगृहांच्या सोयी यांविषयीचे निर्णय ज्या अभ्यासांवर बेततात, ते अभ्यास मध्यमानांच्या तुलनेवरच उभे असतात. तुलना सदोष असेल तर उपयुक्त योजना निरुपयोगी ठरू शकते आणि निरुपयोगी योजना वर्षानुवर्षे चालू राहू शकते. दोन्ही परींनी हानी होते ती ज्यांच्या नावाने अभ्यास झाला त्या मुलांची. ‘टी’ परीक्षिका हे एक उत्तम साधन आहे. परंतु ज्याने ते निर्माण केले, त्यानेच तेवीस वर्षांनंतर आकड्यांच्या आधी आराखडा तपासण्याचा वस्तुपाठ घालून दिला. त्या वस्तुपाठाचा आपल्या संशोधन मार्गदर्शनात अंतर्भाव होणे अगत्याचे आहे.